कोंडा म्हशीला, चूर्ण माणसाला



या पानावर आपण खतांविषयी वाचतो, बियाण्यांविषयी वाचतो, गाईच्या कासेला सूज आली तर काय करावे तेही वाचतो. म्हशीने दोन दिवस नीट शेण टाकले नाही तर घरचा कर्ता माणूस हातातले काम टाकून जनावरांच्या डॉक्टरकडे धावतो. पारावर त्याची चर्चा होते, चार जण चार उपाय सांगतात, आणि त्यात कोणालाही लाज वाटत नाही. पण त्याच घरातल्या म्हातारीला पाच पाच दिवस परसाकडे होत नाही हे घरात कोणाला ठाऊकही नसते. ती सांगत नाही आणि कोणी विचारत नाही.

मिस्सेनंतर लोक आमच्याशी बोलायला थांबतात. पीककर्ज, मुलीचे लग्न, भावकीचा बांध हे विषय मोठ्याने बोलले जातात. पण एखादा जण सगळे पांगेपर्यंत थांबतो, इकडेतिकडे पाहतो आणि हळूच म्हणतो, “फादर, पोट साफ होत नाही. एखादे चांगले चूर्ण सांगा.” आम्ही डॉक्टर नाही. पण इतक्या वर्षांत इतक्या जणांनी हे कानात सांगितले आहे की, आता ते उघडपणे लिहावे असे आम्हांला वाटते. आमचे मत थोडक्यात असे : जुनाट मलावरोध हा बहुतेकांच्या बाबतीत घराच्या व्यवस्थेचा आजार आहे. पीठ, पाणी, वेळ आणि आडोसा या चार गोष्टी बिघडल्या की पोट बिघडते. म्हणून त्याचा इलाज बाटलीत शोधण्याआधी घरात शोधला पाहिजे. आणि जो थोडा भाग घरात बरा होण्यासारखा नाही, तो ओळखून वेळीच डॉक्टरकडे नेला पाहिजे. या दोन्ही गोष्टींच्या आड एकच धोंड आहे, ती म्हणजे लाज.

मलावरोध म्हणजे नेमके काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. रोज सकाळी एकदा झालेच पाहिजे, नाही झाले तर अंगात विष भिनते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. दिवसातून तीन वेळा होणाऱ्यापासून आठवड्यातून तीन वेळा होणाऱ्यापर्यंत सर्व माणसे निरोगी असू शकतात. मऊ होत असेल, सहज होत असेल, झाल्यावर हलके वाटत असेल, तर एक दिवस चुकल्याने काही बिघडत नाही. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, खडा होणे, फार कुंथावे लागणे, होऊनही अर्धे राहिले असे वाटणे, ही मलावरोधाची लक्षणे. ती तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली तर त्याला जुनाट म्हणायचे.

हे घडते कसे? आपल्या मोठ्या आतड्याची लांबी साधारण पाच फूट. जेवणाचा सत्त्वांश लहान आतड्यात शोषला गेल्यावर उरलेला पातळ गाळ मोठ्या आतड्यात येतो. दिवसाकाठी त्यात लिटर-दीड लिटर पाणी असते. मोठे आतडे त्यातले बहुतेक पाणी परत रक्तात ओढून घेते. मळ जितका जास्त वेळ तेथे रेंगाळेल तितके जास्त पाणी शोषले जाईल आणि तितका तो कडक होईल. उन्हाळ्यात तलावाच्या काठचा गाळ कसा होतो ते आपण पाहतोच. पहिल्या दिवशी तो बोटाने उचलता येतो, आठव्या दिवशी कुदळ लागते.

मळ पुढे सरकायला त्याला थोडे आकारमान लागते. आतड्याच्या भिंती भरीव वस्तूला ढकलू शकतात, मूठभर लगद्याला नीट ढकलू शकत नाहीत. हे आकारमान देतो तो धान्याचा, डाळीचा आणि भाजीचा न पचणारा चोथा.

आपल्या ताटाचे काय झाले?

आमचा हा धार-देवासचा मुलूख म्हणजे माळव्याची काळी माती. पवारांच्या संस्थानांबरोबर अठराव्या शतकात येथे मराठी घरे आली ती भाकरी घेऊनच. पूर्वी पावसाळ्यात येथे ज्वारी उभी असे. हिवाळ्यात जमिनीतल्या ओलाव्यावर कठिया गहू येई. धारच्या डोंगराळ भागात आदिवासी बांधव मका खात आणि अजूनही खातात. मग सोयाबीन आले. १९८० नंतरच्या काळात ते इतके पसरले की १९८७ साली सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्रच इंदूरला निघाले. सोयाबीनने हातात रोख पैसा दिला, मुलांच्या फीची सोय झाली, पक्की घरे बांधली गेली. त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण शेतातून ज्वारी गेली तशी ती ताटातूनही गेली. सोयाबीन आपण विकतो, खात नाही. विकून आलेल्या पैशातून टोस्ट, बिस्किटे, कचोरी आणि शेवेचे पुडे घरी येतात.

आता गव्हाचे पाहा. गिरणीतून पीठ बारीक दळून आणायचे, घरी बारीक चाळणीने चाळायचे, पांढरे पीठ पोळीला ठेवायचे आणि चाळणीत उरलेला कोंडा म्हशीच्या आंबोणात टाकायचा, ही आपल्या घरोघरची रीत. पोळी मऊ होते, पाहुणे तारीफ करतात. म्हैसही खूश. आणि मग घरधनी तालुक्याला जाऊन पोट साफ करण्याचे चूर्ण विकत आणतो! कोंडा म्हशीला, चूर्ण माणसाला. आपल्या आजीच्या तोंडी ‘कोंड्याचा मांडा’ हा शब्द असे. घरात काही नसताना कोंड्याचेही पक्वान्न करणारी ती सुगरण. आपण घरात सगळे असताना कोंडा फेकतो.

आकडे पाहा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम चोथा लागतो. १०० ग्रॅम न चाळलेल्या गव्हाच्या पिठात तो सुमारे ११ ग्रॅम असतो, ज्वारीत सुमारे १०, मक्यात सुमारे १२ आणि अख्ख्या हरभऱ्यात सुमारे २५. उलट १०० ग्रॅम मैद्यात आणि तेवढ्याच पांढऱ्या तांदळात तो जेमतेम ३ ग्रॅम. म्हणजे ज्याने दिवसात चार भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि पालेभाजी खाल्ली त्याचा हिशेब जवळजवळ जुळला. ज्याने सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चाळलेल्या पिठाच्या पोळ्या आणि बटाटा, रात्री भात आणि पातळ डाळ खाल्ली, त्याचे पोट भरले, पण आतड्याला काम मिळाले नाही.

डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यचिकित्सक अनेक वर्षे युगांडात काम करीत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली एक तुलना प्रसिद्ध केली. युगांडातले खेडूत भरड अन्न खात. त्यांचा मळ वजनाने इंग्लंडमधल्या नौसैनिकांच्या चौपट भरला, आणि अन्न आतड्यातून पार व्हायला त्यांना निम्म्याहून कमी वेळ लागला. खेडेगावचे जाडेभरडे अन्न हे मागासलेपण नव्हे हे जगाला पटवण्यात बर्किटसाहेबांचे आयुष्य गेले. आपण मात्र आता शहराकडे पाहून ताट पांढरे करीत आहोत.

तेव्हा पहिला उपाय : चाळण खुंटीला टांगा. पीठ थोडे भरड दळा. आठवड्यातून काही दिवस ज्वारी किंवा मका खा, आणि त्यासाठी बांधाकडेच्या चार ओळी का होईना, ज्वारीच्या पेरा. अख्खे मूग, हरभरा, तूर, मेथी, पालक, अंबाडी, भेंडी, पेरू, पपई हे सारे आपल्याच मळ्यातले आहे. मात्र हा बदल हळूहळू करा. एकदम पुष्कळ चोथा खाल्ला तर पोट फुगते, वारा धरतो, आणि माणूस चौथ्या दिवशी जुन्या वाटेला जातो. दोन-तीन आठवडे घेऊन वाढवा.

पाणी, वेळ आणि आडोसा

चोथा पाणी धरून ठेवतो म्हणून मळ मऊ राहतो. पाणीच नसेल तर तो काय धरणार? सोयाबीनच्या सोंगणीला किंवा वैशाखात शेतात राबणाऱ्याच्या अंगातून घामावाटे पुष्कळ पाणी जाते. घागर झाडाखाली असते आणि माणूस दुसऱ्या टोकाला असतो. चहावर चहा होतो, पण पाणी राहून जाते. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजा. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र ते प्रमाण पाळावे.

दुसरी गोष्ट वेळेची. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याला आपोआप चालना मिळते, आणि सकाळच्या न्याहारीनंतर ती सर्वांत जोरदार असते. ती हाक त्याच वेळी ऐकली तर काम सहज होते. टाळली तर थोड्या वेळाने ती विरते. रोज टाळली तर पुढे ती ऐकूच येईनाशी होते. आम्ही सेमिनरीत होतो तेव्हा उठण्यापासून निजण्यापर्यंत सारे घंटेवर चाले. न्याहारीची घंटा आणि वर्गाची घंटा यांत अंतर थोडे, आणि संडासापुढे रांग मोठी. आम्ही पोरे दाबून धरायला शिकलो. धर्मशास्त्र शिकता शिकता मलावरोधही शिकलो, आणि तो मोडायला पुढे काही वर्षे गेली. रबीत रात्री वीज आली म्हणून दारे धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याचे असेच होते. झोपेची वेळ मोडते, पाठोपाठ पोटाचीही मोडते. न्याहारीनंतर दहा मिनिटे तरी आपली म्हणून राखून ठेवा. त्या वेळी मोबाइल बाहेर राहू द्या. उकिडवे बसणे सर्वांत चांगले. गुडघेदुखीमुळे ज्यांनी कमोड बसवला आहे त्यांनी पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्यावा आणि थोडे पुढे वाकून बसावे. मांड्या वर आल्या की वाट सरळ होते.

आणि आता आडोशाविषयी. हे आम्ही पुरुषांना उद्देशून लिहीत आहोत. आपल्या आया-बहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या पहाटेच्या अंधारात नाहीतर दिवेलागणीनंतरच बाहेर जायचे, ही रीत कोणी ठरवली? दिवसा हाक आली तर ती दाबायची. बाहेर जावे लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचे, रात्रीचे जेवण कमी करायचे. मग मलावरोध, मूळव्याध, लघवीची जळजळ हे सगळे त्या बाईच्या ‘नशिबी’ येते. हे नशीब नव्हे, ही आपली कसूर आहे.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पुष्कळ घरांत संडास आले आणि फरक पडला, यात शंका नाही. पण आम्ही घरभेटीला जातो तेव्हा काही ठिकाणी त्या खोलीत गोवऱ्या आणि कडबा रचलेला दिसतो, काही ठिकाणी दाराला कडी नसते, काही ठिकाणी पाणी लांबून आणावे लागते. आणि पाणी डोक्यावरून आणायचे तर ते बाईनेच. पावलोपावली पाणी अशी माळव्याची ख्याती. पण १९९० च्या उन्हाळ्यात देवासला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे विसरता येत नाही. २००६ पासून देवास जिल्ह्यात शेततळ्यांचे मोठे काम झाले, गव्हाला आणि हरभऱ्याला पाणी मिळाले. पिकाच्या पाण्यासाठी आपण एवढे केले, तर संडासात पाण्याचे एक पिंप रोज भरून ठेवणे पुरुषांना जड का जावे?

शेतकऱ्याला सांगायची आणखी एक गोष्ट. दोन खड्ड्यांचा संडास बांधला तर त्यातून खतही मिळते. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद खड्डा दीड-दोन वर्षे तसाच ठेवला की आतले सारे कोरडे, वास नसलेले खत होते. विहिरीपासून तो दहा मीटर तरी दूर असावा. आपल्या काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते, म्हणून खड्ड्याभोवती फूटभर जाडीचा वाळूचा थर द्यावा.

दर रविवारचा जुलाब

आता त्या बाटलीकडे वळू. “फादर, आमचे आजोबा दर रविवारी एरंडेल घेत आणि खणखणीत जगले,” असे आम्हांला ऐकवले जाते. आजोबा जगले ते ज्वारीची भाकरी, नांगरामागची चाल आणि ताक यांच्या जोरावर. एरंडेल त्यांनी पचवले, इतकेच.

जुलाब घेतल्यावर काय होते ते नीट समजून घ्या. तो आतडे पार रिकामे करतो. रिकामे झालेले आतडे पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतातच. त्या दिवसांत शौचास होत नाही, कारण आत काही नसते. पण माणसाला वाटते की मलावरोध परत आला, आणि तो पुन्हा जुलाब घेतो. असे चक्र सुरू होते आणि वर्षानुवर्षे चालते. वारंवारच्या जुलाबाने अंगातले पाणी आणि क्षार जातात, पायांत गोळे येतात, थकवा येतो. बाजारातल्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते, काहींत निरनिराळे क्षारही असतात. सोनामुखी वाईट औषध नाही, डॉक्टरही ती देतात. पण किती आणि किती दिवस ते त्यांनी ठरवायचे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने क्षाराचे रेचक मनाने घेणे धोक्याचे आहे.

तान्ह्या बाळांना तर हे लागू करूच नका. अंगावर पिणारे दीड-दोन महिन्यांपुढचे मूल कधी कधी आठवडाभर शी करीत नाही. शी मऊ असेल, मूल नीट पीत असेल, पोट फुगलेले नसेल तर काळजीचे कारण नाही. त्याला एरंडेल पाजू नये. ते छातीत गेले तर फुप्फुसाला सूज येते. साबणाची कांडी किंवा विड्याच्या पानाचा देठ घालू नये. मात्र जन्मल्यापासून ४८ तासांत ज्या बाळाने पहिली काळी शी केली नाही, त्याला विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. थोडी मोठी मुले एकदा दुखले की भीतीने दाबून धरतात. त्यांना रागावू नका. आधी मळ मऊ करा, मग भीती जाते.

पिकते तेथे विकत नाही

आता आपल्याच माळव्यातल्या एका गुणी पिकाविषयी. इसबगोल. आमच्या उत्तरेला नीमच-मंदसौरकडे हे रबीत घेतात. नीमचची मंडी त्यासाठी प्रसिद्ध आहे. साधारण चार महिन्यांचे हे पीक थोड्या पाण्यावर येते. पण फार नाजूक. काढणीच्या तोंडावर एक सर आली तर दाणे गळतात आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. नाव फारसी आहे : अस्प म्हणजे घोडा आणि गोल म्हणजे कान. दाण्याचा आकार तसा असतो. त्या दाण्यावरचे पातळ टरफल म्हणजे इसबगोलचा भुसा. जगाला इसबगोल पुरवण्यात भारत पहिला, आणि मोठे गिऱ्हाईक अमेरिका. तेथे १९३४ पासून हाच भुसा डब्यात भरून विकला जातो. पिकते तेथे विकत नाही म्हणतात ते असे.

इसबगोल जुलाब नाही. तो पाणी धरून फुगतो आणि मळाला मऊपणा व आकारमान देतो, म्हणजे भाकरीच्या चोथ्याचेच काम करतो. म्हणून तो रोज घेतला तरी चालतो. पण रीत पाळली पाहिजे. सुरुवातीला एक चमचा, पुढे गरजेप्रमाणे दोन. भरपूर पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायचा, वर आणखी पाणी प्यायचे. कोरडा कधीही तोंडात टाकू नये. तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकतो. घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. ज्याला गिळायला त्रास होतो, किंवा ज्याचे पोट फुगून वाराही सरत नाही, त्याने तो घेऊ नये. गुण यायला एक ते तीन दिवस लागतात. पहिल्याच रात्री चमत्काराची अपेक्षा नको.

एवढे करूनही गुण नाही आला तर डॉक्टरकडे जावे. आतड्यात पाणी राखून मळ मऊ करणारी सुरक्षित औषधे आता सरकारी दवाखान्यातही लिहून देतात. काही जणांत मळ मऊ असूनही बाहेर पडत नाही. जोर करताना खालचा स्नायू सैल होण्याऐवजी आवळला जातो. त्याला व्यायाम शिकवावा लागतो, कोंड्याने ते बरे होत नाही. मधुमेह आणि थायरॉइडची मंदता यांनीही मलावरोध होतो.

औषधांचाही दोष असतो. सांधेदुखीसाठी घेतलेल्या काही कडक गोळ्या, काही खोकल्याची औषधे, कॅल्शियम, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनी पोट बांधले जाते. आणि अफू. माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जाई. तिची सवय काही म्हाताऱ्यांत आजही आहे. अफूने आतडे झोपी जाते. तेथे चूर्ण देणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. असे असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

गर्भवती बहिणींना विशेष सांगणे. गरोदरपणात १८० दिवस घ्यायच्या लोहाच्या गोळ्यांनी खडा होतो, मळ काळा होतो, म्हणून पुष्कळ जणी त्या चुलीमागे टाकून देतात. काळा रंग निरुपद्रवी आहे. पण रक्त कमी राहिले तर बाळंतपणात जिवावर बेतते. गोळ्या टाकू नका. भाकरी, भाजी, पाणी वाढवा आणि आशाताईंना किंवा नर्सबाईंना त्रास सांगा.

केव्हा थांबू नये

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. आमच्या ओळखीचे एक शेतकरी होते, पन्नाशी ओलांडलेले. मळातून रक्त जात होते. त्यांनी ठरवले की मूळव्याध आहे. रस्त्याकडेच्या ‘बिनऑपरेशन’ पाटीखाली वर्षभर पुड्या घेतल्या. पूर्वी कधी नव्हता तो मलावरोध सुरू झाला, वजन उतरले. बायकोलाही सांगितले नाही. शेवटी मुलाने जबरदस्तीने इंदूरला नेले तेव्हा मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत गेला होता. आम्हांला बोलावणे आले ते शेवटच्या प्रार्थनेसाठी. ते आम्हांला म्हणाले, “फादर, असल्या जागेचे कोणाला सांगायचे?” तो प्रश्न आमच्या मनातून जात नाही. हा लेख त्यामुळेच लिहिला.

तेव्हा हे ध्यानात ठेवा. मळातून रक्त जाणे, लोहाच्या गोळ्या चालू नसताना डांबरासारखा काळा मळ, कारण नसताना वजन उतरणे, अंगातले रक्त कमी होणे, पन्नाशीच्या पुढे नव्याने सुरू झालेला मलावरोध, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी एकही गोष्ट असेल तर चूर्ण नको, इसबगोलही नको, सरळ डॉक्टरकडे जा. बहुतेक वेळा मूळव्याध किंवा चीरच निघेल. पण ते तपासणाऱ्याने सांगायचे, आपण ठरवायचे नाही. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल तर त्याच घटकेला जिल्हा रुग्णालय गाठा, किंवा इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय. आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला अनेक दिवसांच्या मलावरोधानंतर एकाएकी पातळ होऊ लागले तर जुलाब झाले असे समजून ते थांबवायच्या गोळ्या देऊ नका. आत अडकलेल्या खड्याच्या कडेने ते पाणी झिरपत असते.

आमची विनंती फार मोठी नाही. या आठवड्यात घरातल्या बायकांनी चाळण बाजूला ठेवावी. पुरुषांनी संडासाची कडी बसवावी आणि पाण्याचे पिंप भरावे. आणि जेवणानंतर कोणीतरी घरातल्या म्हातारीजवळ बसून हळूच विचारावे, “आई, पोट साफ होते ना?” गोठ्यातल्या जनावराची आपण रोज चौकशी करतो. तेवढी घरातल्या माणसाची केली तरी या पानाचे सार्थक झाले.